तिच्या जबड्यातलं बूच

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा राग काही जात नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसाशी कोणी भांडतं का. मी भांडतो. सकाळी तुमच्या दवाखान्याचं दार उघडतो तेव्हाच एक फेरी होऊन जाते. पुढच्या खोलीत आता दुसरे डॉक्टर बसतात, आठवड्यातून तीन दिवस वर्ध्याहून येतात. मागच्या खोलीत मी कवळ्या करतो. पुलगाव, देवळी, हिंगणघाटचे डॉक्टर जबड्यांची मापं पाठवतात, मी दात बसवून परत पाठवतो. लोक मलाही डॉक्टर म्हणतात आणि दर वेळी मी खेकसतो, की मी डॉक्टर नाही. ते खेकसणं हुबेहूब तुमचं आहे हे आर्वीत सगळ्यांना माहीत आहे, माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही इतकंच.

मी डॉक्टर का नाही, हे तुम्ही शेवटपर्यंत लोकांना एकाच वाक्यात सांगत आलात. "डोकं गरम आहे, दुसरं काई नाई." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नागपूरला दुसऱ्या वर्षाला असताना होस्टेलमधल्या एकानं माझ्या उशीखालची वही काढली आणि मेसमध्ये बाकावर उभं राहून मोठ्यानं वाचली. वहीत ती होती. गुरुजींची मुलगी, आपल्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी, शाळेत माझ्या दोन वर्ग मागे असलेली. तिच्याशी मी तोवर दहा वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो, पण वही भरली होती. पोरं ताटं वाजवायला लागली. मी त्या वाचणाऱ्याचा पुढचा दात पाडला. दातांच्या कॉलेजात दात पाडला, याचं लोकांना हसू येतं, मला अजून येत नाही. माफी माग, मी मिटवतो, असं सर म्हणाले. मी ट्रंक उचलली आणि आर्वीच्या एसटीत बसलो. दारात तुम्ही उभे होता. "माफी मागायले काय जीभ जड झालती?" मी ट्रंक खाली ठेवली. "चार वर्षांचं काम दीड वर्षात टाकून आला. शाब्बास." त्या शाब्बासकीनंतर दोन महिने तुम्ही माझ्याशी फक्त प्लास्टर कालव आणि मेण वितळव एवढंच बोललात.

ती दवाखान्यात आली ती पोळ्याच्या आसपास. गुरुजी पुढे, ती मागे, साडीचा पदर गालावर धरून. डावा गाल खालच्या बाजूनं भरलेला दिसत होता. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच सहा महिने कोणी मनावर घेतलं नव्हतं. आधी हळदीचे लेप झाले, मग कोणीतरी गालगुंड म्हणून गोळ्या दिल्या. आणि गुरुजींचा जीव गालापेक्षा वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. नाचणगावचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा पुलगावला नोकरीला होता, आणि दिवाळीनंतर पाव्हणे पाहायला येणार होते.

"डॉक्टरसाहेब, दिवाळीपर्यंत हे बसून जाईन का?"

"आधी पाहू तं द्या गुरुजी. तोंड उघड बेटा. मोठं."

मी मधल्या दारात प्लास्टरचे हात घेऊन उभा. तुम्ही नेहमीसारखे दात मोजायला लागलात. पेशंट कशासाठीही येवो, आधी आरसा एकेका दाताला टेकवत सगळे दात मोजायचे, ही तुमची रीत. खाली डावीकडे आरसा थांबला. "हा दात दुधाचा आहे," तुम्ही म्हणालात. "एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडात दुधाचा दात काऊन बसून राह्यला? मंग याच्या जागी येणारा गेला कुठं?" गुरुजी आरोपीसारखे घाबरले. "आम्ही नाई काढला, डॉक्टरसाहेब." "तेच तं म्हणून राह्यलो. काढला नाई, आला नाई, म्हणजे आतच आहे." मग हिरडीच्या खाली अंगठा दाबून पाहिलात आणि मला हाक मारलीत, नागपूरहून आल्यावर पहिल्यांदा. "हात धू. इथं दाब." मी दाबलं. हाड आत गेलं आणि परत वर आलं, कच्च्या पापडावर बोट ठेवावं तशी बारीक करकर झाली. जिच्याकडे रस्त्यात वर मान करून पाहायची मला हिंमत नव्हती तिच्या जबड्याचं हाड माझ्या अंगठ्याखाली करकरत होतं. तिनं डोळे मिटून घेतले होते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुमचे आभार मानले असते, पुढचं सगळं झालं नसतं तर.

वर्ध्याहून एक्स-रे आला. तुम्ही तो खिडकीच्या उजेडात धरलात. जबड्यात आवळ्याएवढा काळा गोल, भोवती पेन्सिलीनं आखल्यासारखी पांढरी रेघ, आणि त्या काळ्यात तळाशी आडवा पडलेला दात. "गुरुजी, दात हाडात तयार होते तवा त्याच्या डोक्याभोवती एक पातळ पिशवी असते. दात वर आला की ते जाते. इचा आलाच नाई. पिशवीत पाणी भरत गेलं, अन् फुगत फुगत तिनं हाड पोखरलं." मग सुई टाकून पिचकारीत थोडं ओढलंत. कापायच्या आधी ओढून पाहायचंच, नुसतं रक्त आलं तर हात मागं घ्यायचा, हे मला कॉलेजनं नाही, तुम्ही त्या खुर्चीपाशी शिकवलंत. रक्त आलं नाही, पिवळसर पातळ पाणी आलं. उजेडात हलवलं की त्यात बारीक चमचम दिसायची.

तेव्हा मी तोंड उघडलं. "मंग सगळी पिशवी एका खेपेत खरवडून काढा ना. पुस्तकात तेच आहे." तुम्ही मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "पुस्तक दीडच वर्षाचं वाचलं ना तू?" तिच्यासमोर, गुरुजींसमोर. माझे कान तापले. बाकीचं तुम्ही मला नाही, तिला समजावून सांगितलंत. आता खरवडलं तर खाली पुठ्ठ्याएवढं हाड उरतं, जबडा मोडू शकतो. ओठाची नस तिथूनच जाते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर. त्यापेक्षा दुधाचा दात काढायचा, त्याच वाटेनं पिशवीला खिडकी पाडायची. पाणी साचणार नाही, दाब जाईल, आणि हाड आपल्या मनानं आत भरत येईल. "किती दिवस, काका?" तिनं विचारलं. तुम्ही वर्षभर म्हणालात. गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली.

खिडकी तुम्ही आपल्याच खुर्चीवर पाडलीत. पिशवीचा तुकडा बाटलीत घालून नागपूरला तपासायला पाठवला, साधीच गाठ आहे, असं उत्तर आलं. आठवडाभर औषधाच्या पट्टीची घडी आत भरून ठेवली, आणि मग माझं काम आलं. ते भोक उघडं राहायला हवं, पण त्यात अन्न जायला नको, म्हणून बूच. माप घेऊन मेणाचं केलं, मग गुलाबी, कवळीच्याच मसाल्याचं, शेजारच्या दाताला धरून राहील अशा तारेचं. तुम्ही ते फिरवून फिरवून पाहिलंत आणि म्हणालात, "हात बरा आहे." तुमच्या तोंडून ऐकलेलं माझं तेवढंच कौतुक. तिनं दर जेवणानंतर बूच काढायचं, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याची पिचकारी आत मारायची, बूच धुऊन परत बसवायचं. दर तीन आठवड्यांनी यायचं. तुम्ही वाकडी सळई घालून खोली मोजणार, कार्डावर लिहिणार आणि मला सांगणार, "दोन मिलिमीटर काढ." बुचाचं टोक घासून आखूड करायचं. कारण तळ वर येतो तसं बूच आखूड झालं नाही, तर ते तळावर टेकून बसतं आणि तळाला वर येऊ देत नाही.

मी टोक घासत असे तेव्हा ती मागच्या खोलीत स्टुलावर बसायची, औषधाचा वास येऊ नये म्हणून तोंडावर हात धरून. आमच्या ओळखीचं सगळं आयुष्य म्हणजे त्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार-पाच बैठका. "घरी मले सगळे बाटली म्हणून चिडवतात," ती एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली, "तुम्ही कॉलेज काऊन सोडलं? मारामारी केली म्हणतात."

"केली."

"कोणासाठी?"

"कोणासाठी नाई."

"मंग तं फुकटच मार खाल्ला बिचाऱ्यानं." आणि हसली, हात तोंडावरच. मी यंत्र बंद करायचं विसरलो, बूच हातातून उडून प्लास्टरच्या पोत्यात पडलं. ते शोधायला आम्ही दोघं वाकलो. तुम्ही पुढून ओरडलात, "काय चालू आहे तिकडे?" बाबा, मी एकवीस वर्षांचा होतो. बूच दर वेळी आखूड होत होतं आणि ते संपलं की तिचं येणं संपणार होतं, एवढा सरळ हिशेब मला दिसत होता. पाचव्या खेपेला तुम्ही दोन मिलिमीटर म्हणालात. मी यंत्र चालू केलं, बुचाच्या बाजूंना पॉलिश केलं, टोकाला हातही लावला नाही. "घासलं?" तुम्ही पुढून विचारलंत. "हो," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला सळई तितकीच आत गेली. तुम्ही कार्ड पाहिलंत, पुन्हा मोजलंत, आणि तिच्यावर उखडलात. "पिचकारी मारून राह्यली का खरंच?"

"मारते, काका. रोज. जेवणानंतर."

"मारली असती तं भरलं असतं. बाप तिकडे पाव्हण्यायले थोपवून राह्यला, अन् तू आळस करून राह्यली. दोन मिनिटं लागतात पिचकारी माराले, दोन!"

तिनं मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी तिच्या मांडीवरच्या रुमालावर पडलं. मी चार हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. आणि "तरी दोन काढ" म्हणत तुम्ही बूच माझ्याकडे दिलंत, तर मी त्या दिवशीही टोक घासलं नाही. का, ते विचारू नका. ती रडली ती माझ्या डोळ्यांसमोर, आणि माझ्या डोक्यात एवढंच, की आता आणखी तीन आठवडे.

त्याच आठवड्यात नाचणगावचे दोघं आले. आपल्याकडे पाहण्याच्या आधी मुलाकडचे शाळेत, शेजारी, डॉक्टरकडे गुपचूप चौकशी करून जातात, हे काही तुम्हाला नवीन नव्हतं. मुलाचा मामा दाढ दुखते म्हणून खुर्चीवर बसला, सोबतचा म्हातारा बाकावर. दाढेत काही नव्हतं. मामा रुमालानं तोंड पुसत सहज म्हणाला, "गुरुजींची पोरगी येते म्हणतात तुमच्याकडे." आर्वीतल्या कुठल्याही माणसानं काय सांगितलं असतं? साधं आहे, होऊन जाईन, पोरगी गुणाची आहे. पोरीच्या लग्नासाठी लोक याहून मोठं खोटं बोलतात आणि त्यांना कोणी खोटारडे म्हणत नाही. तुम्ही काय सांगितलंत? "जबड्यात पाण्याची गाठ होती. जिवाले धोका नाई. पण भोक अजून भरलं नाई, मधातच थांबून गेलं. कधी भरन, मी आज सांगू शकत नाई." मामा उठला. "बरं, येतो डॉक्टरसाहेब." दाराबाहेर म्हाताऱ्याला म्हणाला ते मी मागून ऐकलं, "हाडाचं दुखणं दिसते, भाऊ. राहू द्या." स्थळ गेलं. मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग ती आली, तिच्या ठरल्या दिवशी, एकटीच. मागच्या खोलीत स्टुलावर बसली आणि या वेळी तोंडावर हात नव्हता. "मले ते स्थळ पसंत होतं," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "तुम्ही तं पाह्यलंही नव्हतं त्याले." "पाह्यलं होतं. मामेबहिणीनं दाखवलं पुलगावच्या स्टँडवर. चष्मा पुसून राह्यला होता, किती वेळ पुसून राह्यला होता. मले हसू आलं." मग म्हणाली, "माहीच चूक. आणखी नीट मारली असती पिचकारी तं भरलं असतं." मी तिला म्हणालो, "गेलं ते बरंच झालं." तिनं माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे नंतर कोणी पाहिलेलं नाही. तेवढ्यात तुम्ही आत आलात आणि बूच माझ्या हातातून घेतलंत. बोटात धरून टोकाकडे पाहिलंत, बराच वेळ. मग मला बाजूला सारून स्वतः यंत्रावर बसलात आणि चार मिलिमीटर काढलेत. एक शब्द नाही. त्यानंतर कुठलंच बूच तुम्ही मला घासायला दिलं नाही. खोली भराभर कमी झाली. आडवा दात उभा होत वर आला, पुढच्या पावसाळ्यात उरलेली पिशवी तुम्ही काढलीत आणि भोक बंद झालं.

गाल सारखा झाल्यावर मी आईला गाठलं, आईनं गुरुजींच्या घरी शब्द टाकला. जातीची अडचण नव्हती, ओळख जुनी होती, आणि एक स्थळ मोडलेल्या पोरीचा बाप किती पारखून घेणार. पण गुरुजी माणूस सरळ. ते तुमच्याकडे आले, दुसऱ्यांकडे जावं तसेच, चौकशीला. मी मधल्या दारामागे होतो.

"डॉक्टरसाहेब, बाप म्हणून नका सांगू. पोरगा कसा आहे?"

"हुशार आहे. हात सफाईचा आहे." एवढं सांगून तुम्ही पुढचंही सांगितलंत. "पण हातातलं काम शेवटाले नेत नाई. अन् आपलं मन राखाले दुसऱ्याचं काय होईन, ते पाहत नाई. माही पोरगी असती तं मी देली नसती."

पुढं वर्षभर मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्हाला लकवा झाला तेव्हा तुमचं तोंड वाकडं झालं होतं, बोलणं समजत नव्हतं, आणि मी चमच्यानं पाणी पाजत होतो तरी बोललो नाही. गुरुजींनी तिला चंद्रपूरकडे दिली. माझं लग्न झालं, मोडलं नाही एवढंच. आणि इतकी वर्षं मी मनात तुमच्यावर खटला चालवत आलोय: सख्ख्या मुलाचं कोणी असं सांगतं का, परक्या पोरीचं स्थळ कोणी असं मोडतं का. पण खरं कलम ते नाही. खरं कलम हे, की तुम्हाला कळलं होतं. टोक हातात धरलंत त्या दिवशी तुम्हाला सगळं कळलं होतं. मग ती समोर स्टुलावर बसली असताना तिला का नाही सांगितलंत, की पोरी, तुझा आळस नव्हता? मामाला खरं सांगितलंत, गुरुजींना खरं सांगितलंत, माझी पाठ सोलून खरं सांगितलंत. जिला रडवलंत तिच्याजवळ मात्र गप्प बसलात. मुलाला वाचवायचं होतं का? मला तसं वाचवून घ्यायचं नव्हतं. त्या एका दिवशी तुम्ही ओरडला असता, तिच्यासमोर माझ्या कानाखाली मारली असती, तर मी आज तुमच्याशी भांडत बसलो नसतो.

हे आज लिहायला बसलो, कारण मागच्या आठवड्यात ती आली होती. माहेरपणाला आलेली, आईला कवळीसाठी घेऊन. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. मी म्हातारीचं माप घेत होतो, ती मुलगी चॉकलेट खात यंत्राची चाकं फिरवत होती. ती लेकीला म्हणाली, "खाऊन झाल्यावर चूळ भरजो नीट. मी तुयासारखाच आळस केला, पिचकारी नाई मारली, अन् माह्या जबड्यातलं भोक महिनोन्महिने भरलंच नाई. यांचे बाबा किती रागावले होते मले." आणि माझ्याकडे वळून, हसत, "नाई का हो? सांगा तिले. माहं नाई ऐकत ते." मुलगी चॉकलेट चघळायची थांबून माझ्याकडे पाहायला लागली.

मी म्हणालो, "हो. खूप रागावले होते."

चंद्रपूरची गाडी परवा सकाळची आहे, म्हातारीची कवळी उद्या न्यायला ती येईल. हे पत्र तिला द्यायला हवं, बाबा. तुमच्या नावानं लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.